बेचाळीस बाबींची बोट

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या यॉटच्या डिझेलच्या टाकीत नळाचं पाणी सोडलं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं दहा मिनिटं. वर शीळही घालत होतो.

माझी बाजू ऐकून घ्या. बोटीच्या डाव्या कडेला डेकवर पितळेची दोन झाकणं आहेत, अगदी जुळ्या भावांसारखी. एकाखाली प्यायच्या पाण्याची टाकी, दुसऱ्याखाली डिझेलची. दोन्हींशेजारी पूर्वी पाट्या होत्या. त्या भाऊजींनी गेल्या आठवड्यात काढून रंगाऱ्याकडे दिल्या, कारण त्यांवरची अक्षरं फिकट झाली होती आणि फिकट पाटी ही भाऊजींच्या लेखी पाटीच नव्हे. परिणामी फिकट पाटीच्या जागी आता पाटीच नव्हती. मी विचारायला हवं होतं, कबूल. पण भाऊजींना एक प्रश्न विचारला की ते उत्तर देत नाहीत, प्रशिक्षण देतात. म्हणून मी दोन्ही झाकणं उघडली, ओणवा होऊन दोन्हींचा वास घेतला. मला सर्दी झाली होती. दोन्हींना सारखाच वास आला, म्हणजे कसलाच नाही. मग मनाचा कौल घेतला आणि नळी घातली. आमच्या मनाचे कौल आजवर कधी बरोबर आले नाहीत, ते तेवढ्यात कुठून येणार?

पाऊण तासानं भाऊजींनी इंजिन सुरू केलं. चार मिनिटं ते गुणी बाळासारखं चाललं. मग खोकलं. मग त्याला उचकी लागली. मग बोट एकदा अंगभर शहारली आणि सगळं शांत झालं. इतकं शांत, की पुढच्या टोकाला बसलेल्या ताईनं थर्मासचं झाकण लावल्याचा आवाज मला मागे ऐकू आला.

भाऊजींनी इंजिनाच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. हातातल्या काचेच्या बाटलीत वर पिवळं डिझेल आणि खाली पाणी, असे दोन स्वच्छ थर होते. त्यांनी ती उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "नळी कुठे घातलीस?"

मी बोट दाखवलं.

"हं," भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा खाली गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. काही माणसांचं 'हं' हे दुसऱ्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

आता ही माणसं कोण, ते सांगतो. ताई माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला टेकलेला स्विचबोर्ड, पाठ नसलेली खुर्ची आणि एकच खिडकी. खिडकीतून समुद्र, आणि समुद्रात लांबवर बेटावरचा दीपस्तंभ. दर दहा सेकंदांनी तो एकदा लकाकायचा. संध्याकाळच्या पाळीत ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचीच नाही. तीन मिनिटांचा कॉल म्हणजे अठरा लकाक्या, हा तिचा हिशेब. एकोणिसाव्या लकाकीला ती मध्ये बोलायची, "वेळ संपली, वाढवून देऊ का?" कुठल्या कुठल्या गावांना, कुठल्या कुठल्या जहाजांना तिनं माणसं जोडून दिली. स्वतः मात्र त्या खुर्चीतून उठली की बस पकडून घरी.

"अख्ख्या जगाचा फोन लागत होता रे माझ्या हातून," ती म्हणायची, "माझाच कुठे लागला नाही."

निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट करायची होती. त्या दीपस्तंभावर जायचं, वर चढायचं, तो दिवा जवळून बघायचा. बेटाकडे जाणारी लाँच केव्हाच बंद झालेली. तेव्हा दोघांनी मिळून एक जुनी मोटारयॉट घेतली. दोन केबिन, कपाटाएवढं स्वयंपाकघर, आणि एक बाथरूम, ज्यात आत गेल्यावर वळता येत नाही, त्यामुळे पुढे तोंड करून जायचं की मागे, हे बाहेरच ठरवावं लागतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कुलूप लावून दोघं तिच्यावर राहायला गेली. नातेवाइकांत बोलबाला झाला. जो तो म्हणे, मजा आहे बुवा, यॉटवर राहतात, सफरी करतात!

सफरी. त्याला आता दोन वर्षं सात महिने झाले. एवढ्या काळात बोट धक्क्यापासून डिझेलच्या पंपापर्यंत सहा वेळा गेली आणि सहा वेळा परत आली. अंतर चारशे पावलं. बाकीचा सगळा वेळ ती चार दोरांनी बांधून सफर करत असते.

कारण भाऊजी.

भाऊजी छत्तीस वर्षं लिफ्ट तपासनीस होते. लिफ्टमध्ये चौकटीत एक कागद असतो बघा, ज्यावर 'वापरास योग्य' लिहिलेलं असतं आणि खाली एक न वाचता येणारी सही असते, तसली सही करणं हे भाऊजींचं काम. भाऊजींची मात्र वाचता यायची, एवढाच फरक. ती सही मिळवायला बिल्डिंगवाले महिना महिना मागे फिरायचे. आठव्या मजल्यावरचे लोक पिशव्या घेऊन जिन्यानं धापा टाकत चढायचे आणि वाटेत भाऊजी दिसले की त्यांच्या तोंडावर त्यांचा उद्धार करायचे. भाऊजी शांतपणे टॉर्च मारून केबल बघत राहायचे. छत्तीस वर्षांत त्यांनी सही केलेल्या एकाही लिफ्टमध्ये कुणाचं नखही दुखावलं नाही. स्वतः मात्र चौथ्या मजल्यावरच्या घरी कायम जिन्यानं जायचे. ताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आपली बिल्डिंग माझ्या हद्दीत येत नाही. ती दुसऱ्यानं तपासलीय."

त्यांच्या तपासणीच्या छापील कागदावर बेचाळीस बाबी होत्या. निवृत्त होताना भाऊजी तो कागद घरी घेऊन आले आणि बोटीसाठी तसाच एक तयार केला. लिफ्टच्या बेचाळीस, म्हणून बोटीच्याही बेचाळीस. आता बोटीच्या काही केल्या अडतीसच्या वर बाबी निघेनात. उरलेल्या चार त्यांनी जुन्या कागदातून जशाच्या तशा घेतल्या. त्यामुळे बाब क्रमांक एकोणचाळीस अशी आहे: 'आरसा स्वच्छ व विना-तडा असावा.' आणि चाळीस: 'दार पूर्ण बंद झाल्याखेरीज हालचाल होऊ नये.' हा कागद प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. आणि नियम असा, की एक जरी बाब चुकली तरी तपासणी तिथेच थांबवायची, दुरुस्ती करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या बाबीपासून.

सापशिडी खेळलेल्या माणसाला ताईच्या अडीच वर्षांची कल्पना येईल. एकदा गाडी चौतिसाव्या बाबीपर्यंत गेली होती. ताईनं अंडी उकडली, पाव घेतला, दुर्बीण गळ्यात अडकवली. चौतिसावी बाब भोंग्याची. भोंगा वाजला, पण भाऊजींना तो 'किंचित घोगरा' वाटला. ताईनं अंडी सोलून धक्क्यावरच्या मांजराला घातली. ते मांजर आता इतकं गुबगुबीत झालंय, की त्याच्या अंगाकडे बघून किती वेळा बेत रहित झाला ते सांगता येतं.

ताई बोटीला नावानं हाक मारत नाही. "तुमची ती," म्हणते, किंवा सरळ "सवत". "सवतीचं तेल झालं असेल तर माझ्या चहाचं बघता का?" अशी वाक्यं मी स्वतः ऐकली आहेत.

आणि आता गळ्याशी आलं होतं. त्या दीपस्तंभाचा जुना दिवा कायमचा बंद होणार होता. त्याच्या जागी खांबावर एक यंत्राचा दिवा, माणूस नको नि काच नको. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत लोकांना शेवटचं वर सोडणार आणि मग दाराला कुलूप. ताईनं हे वर्तमानपत्रात वाचलं, कात्रण काढून त्या बेचाळीस बाबींच्या कागदावर टाचणीनं लावलं आणि भाऊजींना म्हणाली, "ही त्रेचाळिसावी."

 भाऊजी महिनाभर पहाटे उठून कामाला लागले. आणि शुक्रवारी संध्याकाळी चमत्कार घडला. एकेचाळीस बाबी पार पडल्या. एकतिसावी पाट्यांची होती, तिच्यापुढे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'दुरुस्ती चालू, ग्राह्य' असं लिहिलं. उरली होती फक्त बेचाळिसावी: 'यंत्र दहा मिनिटे सलग चालवून पाहणे.' ती शनिवारी सकाळी, आणि लगेच दोर सोडायचा. ताईनं मला फोन केला. "धाकट्या, ये. तू साक्षीला हवास, नाहीतर घरात कुणाचा विश्वास बसणार नाही."

मी आलो. आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ताई माझ्यावर चिडली नाही. ती थर्मास घेऊन मागे आली, दोन थरांची बाटली बघितली आणि शांतपणे म्हणाली, "धाकट्या, लहानपणी तू माझ्या कंपासपेटीत मुंग्या पाळल्या होत्यास. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, हा पुढे काहीतरी मोठं करणार."

"ताई, मला खरंच..."

"अंडी खा. मांजराला आता डॉक्टरनं मनाई केलीय."

भाऊजींचा निकाल तासाभरानं आला. टाकी उपसायची, दोन्ही फिल्टर बदलायचे, नळ्या धुवायच्या, इंजिनातली हवा काढायची. फिल्टर होते; भाऊजींकडे प्रत्येक वस्तू तीन असते. दोघांनी जोर लावला तर उद्या सकाळपर्यंत होईल. बेट तीन तासांवर. उद्या अकराला निघालं तरी दोनला पोचू.

"मग लावा जोर!" ताई म्हणाली.

मी बाह्या सरसावल्या. हातपंप घेऊन टाकीशी बसलो. वर ऊन, खाली डिझेलचा वास (सर्दी नेमकी तेव्हाच गेली), आणि पंपाच्या प्रत्येक झटक्याला पाठीतून कळ.

बारा वाजता दंतवैद्य आला. ह्याची ओळख करून द्यायला हवी. निवृत्त दंतवैद्य, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, शेडच्या आड ह्याची लाल बोट असते. आम्ही त्याच्याविषयी जे बोलतो ते सगळं मत्सरापोटी. हा माणूस काहीही तपासत नाही. किल्ली केबिनच्या दाराला लटकवून घरी झोपायला जातो. सकाळी येतो, तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रयत्नाला इंजिन काळा ढग सोडत सुरू होतं, हा दोर फेकतो आणि निघतो. रोज! आणि दुपारी जेवायला सुखरूप परत येतो, हे जास्त चीड आणणारं.

"काय इन्स्पेक्टरसाहेब," तो धक्क्यावरून ओरडला, "आज कुठला दात हलतोय?"

भाऊजींनी आतून पाना आपटला.

"पाणी गेलंय डिझेलमध्ये," ताईनं सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"अरे अरे! मग वहिनी, तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला की. मी जातोच आहे, अकराला निघेन. शेवटचा दिवस आहे, जरा हात लावून येऊ त्या दिव्याला."

ताईनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "आभारी आहे डॉक्टर. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. हा एक मी माझ्या लाइनवरून लावणार. आमची होईल उद्यापर्यंत."

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर..." ताईनं इंजिनाच्या खोलीच्या उघड्या झडपेकडे बघितलं. "तर काय, मांजर आहेच."

दंतवैद्य हसत जेवायला घरी गेला. भाऊजी झडपेतून अर्धे बाहेर आले होते. ते त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे, मग शेडच्या दिशेनं, मग ताईकडे बघत राहिले. ताई समुद्राकडे बघत होती.

आणि दोन वाजता भाऊजी गायब झाले.

मी पंप मारतोय, मारतोय. एक डबा, दोन डबे, पाच डबे. हाका मारतोय, "भाऊजी, आता कुठला नळ सोडू?" उत्तर नाही. केबिनमध्ये नाहीत, धक्क्यावर नाहीत. अवजारांची पेटी नाही. मी म्हटलं निदान कागद बघून पुढचं काम करावं, तर खिळ्याला नुसतं ताईचं कात्रण. बाबींचा कागदही नाही! तीन वाजले. चार वाजले. दोघांचं काम मी एकटा करतोय, आणि तेही असं, की कुठला पेच उजवीकडे फिरवायचा नि कुठला डावीकडे, हे देवाच्या भरवशावर. ताई दर अर्ध्या तासानं वर यायची, मला बघायची आणि तोंड मिटून खाली जायची. तिच्या तोंड मिटण्यालाही हळूहळू आवाज येऊ लागला होता.

सहा वाजता भाऊजी आले. कोपरापर्यंत काळे, गुडघ्यावर ग्रीस, कपाळाला ओरखडा. कागद काखेत.

"कुठे होतात तुम्ही?" ताईनं विचारलं.

"इथेच. जरा काम होतं."

"काम?" ताईचा एकतीस वर्षं मऊ ठेवलेला टेलिफोनचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा फाटला. "अहो, आज? आजच्या दिवशी तुम्हाला दुसरं काम सुचलं? इथे हा पोर कंबरडं मोडून घेतोय," (मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण त्या क्षणी बरं वाटलं) "आणि तुम्ही कुणाची तरी यंत्रं खाजवत फिरताय! कुणाची होती? त्या जाळीवाल्या कोळ्याची? की भेटला कुणी तरी 'साहेब जरा बघता का' म्हणणारा?"

भाऊजींनी हात पुसले. उजवा, मग डावा, मग प्रत्येक बोट. "उरलेलं करतो," म्हणाले आणि खाली उतरले.

लहान मूल खोटं बोलताना पकडलं गेलं तरी काहीतरी सांगतं. हा गृहस्थ सत्तरीला आला तरी एक बहाणासुद्धा नीट करू शकत नाही. मी ताईला म्हटलं, "सोड, उद्या होईल." ताई म्हणाली, "हे वाक्य मी पाठ केलंय. नवीन असेल तर बोल."

रविवारी सकाळी साडेनऊला इंजिन सुरू झालं.

खरंच झालं. मी ओरडलोच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, न खोकता. ताई केबिनमधून बूट घालूनच आली, गळ्यात दुर्बीण. तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षं सात महिने एकदम उतरून गेले. ती पुढे जाऊन बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "धाकट्या, दोर सोड."

मी दोराला हात घातला.

"थांब," भाऊजी म्हणाले. खिळ्यावरून कागद काढला, चष्मा लावला. "बाब क्रमांक एक. बोटीच्या तळात पाणी."

"भाऊजी, इंजिन चालू आहे!"

"चालू झालं म्हणजे झालं, असं नसतं. काल ते बिघडलं होतं. बिघडलं की पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे उद्या उजाडेल!"

"मग उद्या."

"भाऊजी, उद्या दिव्याला कुलूप आहे!"

"हो," भाऊजी म्हणाले, आणि टॉर्च घेऊन तळाच्या फळ्या उचलू लागले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण ते ध्यानात घ्यायच्या मनःस्थितीत आमच्यातलं कुणीच नव्हतं.

 दीड तास ताई तशीच बसून होती आणि भाऊजी सहाव्या बाबीवर होते. मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत होतो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटणं म्हणजे काय ते मला कळलं. फक्त धक्क्यावर भिंत नव्हती.

अकराला शेडच्या आडून दंतवैद्याची लाल बोट आली. ढग नाही, खोकला नाही, शिवणयंत्रासारखा आवाज.

"वहिनी, बघितलंत का!" तो लांबूनच ओरडला. "पहिल्या किल्लीला सुरू झाली आज. मी म्हणतो ना, यंत्राला प्रेमानं वागवा, डोळ्यांत तेल घालून बघू नका. येताय?"

ताई उठली. थर्मास उचलला. भाऊजींच्या शेजारून जाताना थांबली.

"मी जाते."

भाऊजी गुडघ्यांवर होते. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, नको जाऊस, चल, आपणच जाऊ. एवढं बोलायला किती शब्द लागतात?

"जॅकेट," भाऊजी म्हणाले.

त्यांनी लाइफ जॅकेट आणून ताईला घातलं, पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. "परत निघताना सव्वाचार. त्याच्यानंतर वारा फिरतो. त्यानं घड्याळ बघितलं नाही तर तू बघ."

"मी घड्याळ बघत नाही. मला सवय नाही," ताई म्हणाली आणि पलीकडच्या बोटीत उतरली.

मग भाऊजी वाकले आणि दंतवैद्यानं आमच्या धक्क्याला अडकवलेला दोर त्यांनी स्वतःच्या हातानं, एका झटक्यात, सोडून दिला. मी बघतच राहिलो. स्वतःच्या बोटीचा दोर ज्याच्या हातून अडीच वर्षांत सुटला नाही, त्यानं दुसऱ्याचा असा सोडला, जसं काही रोजचंच काम. लाल बोट लहान होत गेली. ताईनं मागे वळून बघितलं नाही. भाऊजी ती दिसेनाशी होईपर्यंत कपाळावर हात धरून उभे होते. मग वळले. "बाब क्रमांक सात."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातून तो कागद घेतला आणि समुद्रात भिरकावला.

त्यातही यश आलं नाही. प्लास्टिकमध्ये घातलेला कागद तो, बुडेना. दोन गटांगळ्या खाऊन तो लाटांबरोबर डुलत डुलत परत आमच्याच बोटीला येऊन चिकटला. भाऊजींनी लांब काठीच्या हुकानं तो वर घेतला, सदऱ्याला पुसला आणि चष्मा नीट केला.

"सात," ते म्हणाले.

 दुपारभर भाऊजी दर दहा मिनिटांनी काम थांबवून समुद्राकडे बघायचे आणि पुन्हा खाली वाकायचे. चारनंतर दर पाच मिनिटांनी. साडेसहाला ते तेविसाव्या बाबीवर होते, आणि गेला तासभर त्याच बाबीवर होते.

पावणेसातला लाल बोट आली. शिवणयंत्रासारखाच आवाज.

ताई उतरली. चेहरा उन्हानं लाल, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तिनं मला हाताला धरून धक्क्यावर थोडं लांब नेलं.

"धाकट्या, ती काच माझ्याहून उंच आहे रे. आत एवढासा दिवा. त्या म्हाताऱ्या दिवेवाल्यानं मला फडकं दिलं, म्हणाला, पुसा, उद्यापासून कुणी पुसणार नाही. मी पुसली. आणि वरून दुर्बीण लावली, तर तिथून माझी खिडकी दिसते! तिसरा मजला, डावीकडून दुसरी. एकतीस वर्षं मी त्याच्याकडे बघतेय, तर तोही माझ्याकडेच बघत होता."

"मग झालं की!" मी म्हटलं. "बघितलास ना?"

"बघितला." तिनं आमच्या बोटीकडे पाहिलं. "पण शेजारी कोण, तर दंतवैद्य. मला सगळा वेळ सांगत होता अक्कलदाढ कशी काढतात."

ती बोटीवर चढली. भाऊजी समोरच उभे होते.

"इंजिनाचा आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

ताई बघतच राहिली. "काय?"

"खडखड? घरघर? जाताना, येताना?"

"नव्हती."

"धूर?"

"नव्हता."

"ठीक," भाऊजी म्हणाले, आणि छत्तीस वर्षांत एखाद्या लिफ्टच्या कागदावर सही करताना सोडला नसेल असा श्वास त्यांनी सोडला.

"दिवा कसा होता, हे नाही विचारायचं?" ताई म्हणाली. उत्तराची वाट न बघता ती केबिनमध्ये गेली आणि तिनं दार आपटलं. दार पूर्ण बंद झालं. त्या बाबतीत चाळिसावी बाब निर्दोष होती.

माझ्याच्यानं राहवेना. दोन दिवसांचा पंप, पाठ, कागद, मांजर, सगळं एकदम घशाशी आलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण आज ऐकाच. स्वतःच्या बोटीचा भोंगा घोगरा वाटला म्हणून तिला अडीच वर्षं धक्क्यावरून हलू दिलं नाहीत. आणि ज्या डबड्याचं झाकण त्या दंतवैद्यानं जन्मात उघडून बघितलं नसेल, त्यात तिला बसवलंत, वर आपल्या हातानं दोर सोडलात! तेव्हा कुठे गेल्या होत्या तुमच्या त्या बेचाळीस बाबी?"

भाऊजींनी कागद खिळ्याला टांगला, सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल दुपारभर त्याच्याच बोटीवर होत्या, म्हणून तर आपली राहिली."